सहावं सूत्र

पेटी पत्र्याची आहे, निळी. आश्रमशाळेतली पोरं वसतिगृहात नेतात तसली. झाकणावर गटाचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं, त्यातली निम्मी अक्षरं उडाली आहेत. उघडली की आधी आमचुराचा आंबूस वास येतो, कारण एरवी ती आमचुराच्या गोणीवर ठेवलेली असते. मग एकेक वस्तू बाहेर निघते : हजेरीचं रजिस्टर, बचतीची वही, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बँकेचं पासबुक, अंगठ्यासाठी शाईचा पॅड, रबर लावलेल्या दहा-दहाच्या नोटा. आणि सगळ्यात तळाशी, विडीच्या बंडलासारखी गुंडाळलेली, तीन रंगांची एक पट्टी.

ही पट्टी लहान मुलाच्या दंडाचा घेर मोजायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत घेर आला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या पुढे हिरवा. वाचता येण्याची गरज नाही. अंगणवाडीत ती असतेच. पण पैशांच्या पेटीत ती काय करते, हे पाहायला मी धडगाव तालुक्यातल्या या पाड्यावर आले होते. पाड्याचं नाव लिहीत नाही. बायकांनी आपल्या देण्याघेण्याच्या गोष्टी मोकळेपणानं सांगितल्या, त्या छापून याव्यात म्हणून नव्हे.

विषय : उधारी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘उधारी’ हा विषय काढला आणि फोनवर एवढंच सांगितलं की शेतकऱ्याच्या कर्जावर चार लेख आधीच आले आहेत, तुम्ही दुसरं काही बघा. मला एकदम आठवली ती दशसूत्री. महाराष्ट्रात ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या बचत गटांना दहा नियम घालून दिलेले आहेत. पहिले पाच पैशाचे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. याला पंचसूत्री म्हणतात आणि गटाची बँकेतली पत त्यावरच ठरते. नंतर आणखी पाच जोडले गेले आणि त्या पाचांतलं पहिलं, म्हणजे एकूणातलं सहावं, आरोग्याचं. पुढे शिक्षण, पंचायत, सरकारी योजना आणि शाश्वत उपजीविका. कुठल्याही गटातल्या बाईला विचारा, पहिली पाच सूत्रं ती पाढ्यासारखी म्हणते. सहाव्याशी थोडी अडखळते. त्या अडखळण्यात काय आहे ते बघावं, असं मनात आलं.

आणि बघायचंच तर नंदुरबारमध्ये. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत इथल्या दर शंभर माणसांतली एकोणसत्तर अनुसूचित जमातींची : भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, तडवी, वसावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. २०१८मध्ये केंद्रानं ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातले जे चार आले त्यांत हा होता. देशातला पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला, २९ सप्टेंबर २०१०ला. त्या आधारची प्रत आता बचत गटाचं खातं उघडतानाही बहुतेकदा मागितली जाते.

मात्र जिल्हा म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. तापीकाठचं शहादं केळी, पपई, उसाचं. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे लाल डोंगर. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावच्या बाजूला उतरलं की जग बदलतं. तीव्र उतारावरची शेतं, एकमेकांपासून हाकेच्या अंतराबाहेर असलेली घरं, आणि पाड्यांना जोडणारी पायवाट. गाव म्हणजे इथे दहा-बारा टेकड्यांवर विखुरलेले पाडे. ‘गावात बैठक ठेवा’ असं परिपत्रक लिहिणाऱ्याला हे कुणी तरी एकदा चालून दाखवायला हवं.

बैठक

बैठक अकराची होती, सुरू झाली दीडला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तेरा जणींच्या गटातल्या सात आल्या होत्या. दोघींची पोरं तापानं फणफणली होती, आणि बाकीच्या का नाहीत ते मला नंतर कळलं. डोंगराळ आदिवासी भागात पाच जणींचाही गट चालतो, ही सवलत अभियानात आहे, नाहीतर इथले निम्मे गट कागदावरच राहिले असते.

प्रार्थना झाली, हजेरी झाली. मग बचत. आठवड्याचे दहा रुपये. एकीनं चार आठवड्यांचे एकदम दिले, एकीनं पदराची गाठ सोडून नाणी मोजली. वही लिहिणारी सून बारावी शिकलेली. ती गटाची सचिव नाही, सचिव तिची सासू आहे. सासू अंगठा करते, सून लिहिते, आणि कुणाचं किती बाकी आहे हे सासू वही न बघता सांगते. दोघींचं एकदाही चुकलं नाही. अंतर्गत कर्जाचा व्याजदर शेकडा दोन, महिन्याला. बँकेच्या हिशेबात हे वर्षाचे चोवीस टक्के होतात आणि शहरात ऐकणारा दचकतो. पण इथे तुलना बँकेशी नसते, शेकडा पाच-दहानं देणाऱ्याशी असते, आणि शिवाय हे व्याज गटाच्याच पेटीत पडतं.

पैशाचं सगळं आटोपल्यावर गटांचं काम बघणारी समुदाय साधन व्यक्ती, इथल्या भाषेत ‘सीआरपी ताई’, उठली. आता सहावं सूत्र. आजचा विषय जुलाब. तिच्याकडे प्रमाण मराठीतलं रंगीत फ्लिपचार्ट होतं. तिनं पहिलं चित्र उलटलं, दोन वाक्यं मराठीत वाचली, मग फ्लिपचार्ट मांडीवर पालथं ठेवून सरळ पावरीत बोलायला लागली. त्याबरोबर बायकांचे चेहरे जागे झाले. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं, इथपर्यंत सगळं ठीक चाललं. मग एकीनं विचारलं, लिटर म्हणजे केवढं? घरात लिटर कुठलंच नाही. तांब्या आहे, गडू आहे, हंडा आहे. पाच मिनिटं त्यावर चर्चा झाली. शेवटी कुणी तरी पाण्याची रिकामी बाटली आणली, बाजारातून आलेली, आणि घरातल्या तांब्यानं ती भरून बघितली. तीत दीड तांब्या मावला. दुसऱ्या घरच्या तांब्यानं सव्वा.

मी आजवर आरोग्य शिक्षणाचे जे कार्यक्रम पाहिले, त्यांत तो तांब्या मोजून बघणं हे मला सगळ्यात खरं शिक्षण वाटलं. आणि ते वेळापत्रकात नव्हतं.

आजारपण महाग कुठे पडतं

यानंतर मी वहीतली कर्जाची पानं वाचायला मागितली. कारणाच्या रकान्यात काय काय लिहिलं जातं, हे मला बघायचं होतं. बियाणं, खत, शेळी, घरावरची कौलं, लग्न, देज (वधूमूल्य). आणि पुन्हा पुन्हा : ‘दवाखाना’.

इथे जरा थांबायला हवं. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत. बाळंतपण फुकट आहे, १०२ आणि १०८ची गाडी फुकट आहे, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मग ‘दवाखाना’ या नावानं कर्ज कशाचं? त्याचं उत्तर बायकांनी बोटांवर मोजून दिलं. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते, तिथवर झोळीतून न्यायला चार माणसं लागतात, त्यांच्या चहापाण्याचा खर्च. गाडी वेळेत नाही आली तर खासगी जीप. धडगावहून नंदुरबारला पाठवलं तर सोबत दोन माणसं, त्यांचं जेवण. बाहेरून आणायला लावलेलं एखादं औषध. आणि सगळ्यात मोठी रक्कम, जी कुठल्याच पावतीवर येत नाही : सोबत गेलेल्यांची बुडालेली मजुरी.

बुडीत मजुरी हा शब्द सरकारलाही माहीत आहे. अतितीव्र कुपोषित मूल, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘सॅमचं बाळ’, पोषण पुनर्वसन केंद्रात भरती झालं की आईला दर दिवसाची बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. दोन आठवड्यांचा मुक्काम असतो. ती रक्कम खात्यात जमा होते, नंतर. पण घरी राहिलेल्या बाकीच्या पोरांना भाकरी लागते ती आज. म्हणून आया पाचव्या-सहाव्या दिवशी मूल उचलून घरी निघतात आणि रजिस्टरात ‘न सांगता गेले’ अशी नोंद पडते. माहेरघराचंही तेच. लांबच्या पाड्यांतल्या गरोदर बाईनं बाळंतपणाच्या आधी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं, या कल्पनेचं नाव किती सुंदर ठेवलं आहे. पण शेळ्या कोण बघणार?

रस्त्याचं दुखणं तर कुणालाच नवं नाही. २०२१च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली, आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. तेव्हा सगळं राज्य हळहळलं. नर्मदेच्या अंगाला, सरदार सरोवराच्या फुगवट्यात सापडलेल्या तेहेतीस गावांच्या पट्ट्यात तर दवाखानाच बोटीवर चढवलेला आहे. तरंगता दवाखाना आणि बोटीतली रुग्णवाहिका.

तर या पाड्यावरच्या वहीतलं एक कर्ज असं : पाचशे रुपये, रात्री दिलेलं. बैठक नाही, ठराव नाही. कळा सुरू झालेल्या बाईच्या दिराला सचिवानं पेटी उघडून पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी सह्या-अंगठे घेतले. नियमात हे बसत नाही. मी विचारलं, असं चालतं का? सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

माझं म्हणणं काय ते इथेच सांगून टाकते. बचत गटाला आरोग्याचं शिक्षण जोडल्यानं फरक पडतो, पण तो शिक्षणानं जितका पडतो त्याहून जास्त या पाचशे रुपयांनी पडतो. दवाखान्यात जायला हवं हे त्या दिराला ठाऊक होतंच. ठाऊक असणं आणि निघणं यांच्यामध्ये पाचशे रुपयांची दरी होती. पैसा आणि माहिती एकाच पेटीत, एकाच वेळी आणि हाताच्या अंतरावर असेल तर सहावं सूत्र लागू पडतं. एरवी तो भिंतीवरचा सुविचार होऊन बसतो.

सिकलसेलमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. हा रक्ताचा आनुवंशिक आजार सातपुड्यात घराघरांत आहे. आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस, या चाचण्या सरकार करतं. १ जुलै २०२३ला देशपातळीवर निर्मूलन मोहीमही सुरू झाली, योगायोगानं या जिल्ह्याच्या वाढदिवशीच. पण हा एकदाच होऊन बरा होणारा आजार नव्हे. हाडं ठणकण्याचा झटका वर्षातून तीनदा आला तर तीनदा जीप, तीनदा मजुरी बुडाली. अशा घराला गटातलं एकरकमी कर्ज पुरत नाही. थोडं-थोडं, पुन्हा पुन्हा, न विचारता मिळणारं काही तरी लागतं. गावातल्या गटांच्या ग्रामसंघाकडे जोखीम निवारणासाठी वेगळा निधी दिलेला असतो, आजारपण, उपासमार अशा वेळेसाठी. लोक त्याला ‘व्हीआरएफ’ म्हणतात. जिथे ग्रामसंघ जागा आहे तिथे तो वापरला जातो, जिथे नाही तिथे तो सुरक्षितपणे बँकेत पडून असतो.

भादव्यातली उचल

बैठकीला सहा जणी का नव्हत्या? दोघी तापाच्या पोरांपाशी. बाकीच्या चौघींचं कारण वरच्या रस्त्यावर उभं होतं : पांढरी जीप. मुकादम आला होता.

सातपुड्यातली ऊसतोड ही आजची गोष्ट नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर अभ्यास केला, तेव्हाही तिथे कोयता चालवायला खानदेशातलीच माणसं येत होती. दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पोरंबाळं, भांडी, कोंबड्या घेऊन निघते आणि उन्हाळ्यात परतते. आगाऊ रक्कम, ‘उचल’, मुकादम देतो ती मात्र आधी, पावसाळ्यात.

पावसाळ्यातच का? कारण तेव्हाच घरात काही नसतं. मोहफुलं चैत्रात वेचून झाली, आंबे सोलून, चिरून, वाळवून आमचूर जेठात विकला गेला, नवी ज्वारी-मका अजून शेतात. श्रावण-भादव्यात कणगी रिकामी होते. आणि याच महिन्यांत हिवताप, जुलाब, न्यूमोनिया. भूक, आजार आणि मुकादम एकाच नक्षत्रात येतात. पोराला बरं नाही म्हणून घेतलेले तीन हजार ऊस तोडून फेडायचे, आणि ते फेडायला गेल्यावर ते पोर सहा महिने अंगणवाडीच्या वजनकाट्यावर येणार नाही, लसीची तारीख चुकणार, उसाच्या पाचटाच्या झोपडीत राहणार. पुढच्या भादव्यात पुन्हा आजारी पडणार. उचलीवर दीडपटीनं कापून घेण्याची रीतही दक्षिण गुजरातेतल्या तोडणी मजुरांकडून वारंवार सांगितली गेली आहे.

उधारीवर लेख लिहायला निघालेल्या मला हे सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. सूक्ष्म कर्जाची सर्वात जुनी, सर्वात चपळ संस्था बचत गट नव्हे, मुकादम आहे. तो दारात येतो, तारण मागत नाही, आजार सांगितला की लगेच खिशात हात घालतो. गटाला त्याच्याशी स्पर्धा करायची आहे. आणि गटाची पेटी नेमकी भादव्यातच सर्वात हलकी असते, कारण परतफेड करायला कुणाकडेच काही नसतं. अभियानाचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत, पाड्याचं आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आखाजीपर्यंत. फिरता निधी आणि बँकेचं कर्ज मार्च-अखेरीच्या घाईत मंजूर होतं, तेव्हा निम्मा गट बारडोलीच्या फडात. गटाच्या पैशानं ज्येष्ठात यायला हवं. एवढी साधी दुरुस्ती कुठल्या परिपत्रकात असेल तर मला ती बघायला आवडेल.

गूळ, मीठ आणि पगार

पैशाच्या बैठकीला आरोग्य बांधण्याची कल्पना सातपुड्यात उगवली नाही. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७४मध्ये सेवा बँक काढली, तेव्हा हप्ते थकण्यामागे बहुतेकदा आजारपणच असतं, हे तिथल्या कार्यकर्त्यांना लवकरच कळून चुकलं; त्यातून पुढे विम्याचं काम उभं राहिलं. म्हणजे बँकेनं आरोग्याकडे वळण्यात भूतदयेपेक्षा व्यवहार होता आणि त्यात काही वाईट नाही. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून जे केलं, त्यात उलट दिशा होती : आधी आरोग्य, आधी गावातलीच, अनेकदा निरक्षर आणि दलित बाई निवडून तिला आरोग्यसेविका करायचं, आणि ते करताना लक्षात आलं की बाईच्या हातात चार पैसे नसतील तर तिचं ऐकत कुणी नाही. मग महिला मंडळं, मग शेळ्या, छोटे धंदे.

बांगलादेशातलं उदाहरण मला फार आवडतं, त्यातल्या एका लबाड तपशिलामुळे. ‘ब्रॅक’ या संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरं झाली. शिकवणाऱ्या बायकांचा पगार किती घरं केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरंच कुणी तरी जाऊन निवडक आयांना विचारायचं, पाणी करून दाखवायला लावायचं. जितकं त्यांच्या लक्षात राहिलं असेल तितका शिकवणारीला पगार. आपल्याकडे किती बैठका झाल्या आणि किती फोटो अपलोड झाले, यावर मोजमाप चालतं. तांब्याचं माप कुणीच विचारत नाही.

आणि जवळचं, आदिवासी भागातलंच, म्हणून जास्त महत्त्वाचं : झारखंड-ओडिशातलं ‘एकजूट’. पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावां आणि केओंझर या जिल्ह्यांत त्यांनी बायकांच्या गटांबरोबर महिन्याला एक बैठक घेतली. त्यांतले बरेच गट आधीपासून बचतीचे होते. भाषण नव्हतं. चित्रांची पानं, गोष्टी, खेळ. अमुक बाळ का गेलं याची गोष्ट सांगायची आणि ‘पण का?’ हा प्रश्न तळाला लागेपर्यंत विचारत जायचं. उपाय बायकांनीच ठरवायचे. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तीन वर्षांत या गावांतले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी. दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फार वाढलेलं नव्हतंच. घरातल्या सवयी बदलल्या होत्या.

‘एकजूट’चं वाचल्यावर आपल्या फ्लिपचार्टचं काय चुकतं ते दिसतं. ते उत्तर घेऊन येतं.

दोष आईचा?

दुसऱ्या दिवशी एका ग्रामसंघाच्या बैठकीत पोषणावर बोलणं झालं. तिरंगा थाळी, परसबाग. घरामागे चार वाफे करायचे, मेथी, पालक, शेवगा, भोपळा लावायचा. परसबागेची मोहीम ‘उमेद’नं राज्यभर चालवली आहे आणि मोलगीकडच्या उतारांवर काही फार देखण्या बागा मी पाहिल्या, एकीनं तर भांडी घासलेलं पाणी बांबूच्या पन्हळीनं वाफ्यांपर्यंत नेलं होतं. पण फेब्रुवारीनंतर विहीर आटते तेव्हा काय, या प्रश्नावर सगळ्या हसल्या. हसू कडवट नव्हतं. ‘तेव्हा आम्ही पण नसतो,’ एवढंच उत्तर.

बैठकीला आलेल्या एका पाहुण्या बाईंनी मात्र सूर लावला, की आईनं लक्ष दिलं तर मूल कुपोषित राहतंच कशाला. खोलीत गारवा पसरला. ज्या बाईच्या मांडीवर लाल पट्टीतलं पोर होतं, तिनं पदर ओढून पोराचा दंड झाकला. पैशाच्या बैठकीला आरोग्य जोडण्यातला धोका इथे आहे. इथे हजेरी लागते, इथे सगळ्यांसमोर थकबाकी वाचली जाते, इथे लाज वाटते. हप्ता थकल्याची लाज आणि पोराचं वजन घटल्याची लाज एकाच वहीत लिहायला लागलो तर बाई दोन्हींपासून दूर पळेल. खरं तर आधीच पळाली आहे : आठवड्याचे दहा रुपयेही ज्यांना जमत नाहीत, त्या गटात नाहीतच. पट्टी सगळ्यात जास्त वेळा जिथे लाल दाखवील, ती घरं पेटीच्या वर्तुळाबाहेर आहेत. या पाड्यावर अशी चार. सीआरपी ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे आशा कार्यकर्ती जाते. आशा म्हणाली, मी जाते, पण माझ्याकडे पेटी नाही.

एकमेकांना धरून राहायला या भागाला कुणी शिकवण्याची गरज नाही, हेही नोंदवायला हवं. नर्मदेच्या काठाकाठानं ‘लाह’ आहे : एकाच्या शेतात, एकाच्या घरावर सगळ्यांनी मिळून काम करायचं, मजुरी नाही, जेवण. सत्तरच्या दशकात शहाद्यात श्रमिक संघटनेच्या लढ्यात, अंबरसिंग महाराजांच्या त्या काळात, भिल्ल बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली होती. नवऱ्याची दारू हा आरोग्याचाही प्रश्न आणि पैशाचाही, हे त्यांना कुठल्या सूत्रानं सांगितलं नव्हतं. दारूवर या दोन दिवसांत फ्लिपचार्टमध्ये एकही पान दिसलं नाही. बायकांच्या बोलण्यात मात्र तीच.

फायनान्सवाले

गटाखेरीज आणखी एक माणूस पाड्यांपर्यंत पोचला आहे, मोटारसायकलवर, पाठीला काळी बॅग. खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांना इथे एकच नाव, ‘फायनान्सवाले’. पाच-दहा जणींनी एकमेकींची हमी घ्यायची, कर्ज पटकन, हप्ता पंधरवड्याला किंवा महिन्याला. रिझर्व्ह बँकेनं २०२२मध्ये नियम केला की कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नयेत. मासिक उत्पन्न. इथे उत्पन्न महिन्याला येत नाही, मोसमाला येतं.

या कंपन्यांपैकी काही बैठकीत आरोग्याची माहितीही देतात, असं ऐकून मी एका बैठकीत शेवटी जाऊन बसले. हप्ते गोळा झाले, पावत्या फाडल्या, आणि मग तरुणानं उभं राहून हात धुण्याचे टप्पे म्हटले. दोन मिनिटं. बायका तोवर उठलेल्या. एकीची सासू आजारी म्हणून हप्ता कमी पडत होता, तो बाकीच्या चौघींनी भरला, तोंडं वाकडी करत. त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार पाडे होते. पण आजारपणासाठी एक दिवसही न थांबणाऱ्या पैशानं आरोग्य शिकवावं, हे मला विनोदीच वाटलं.

किल्ली

परत निघायच्या दिवशी पहिल्या पाड्यावर पुन्हा गेले. मुकादमाची जीप गेली होती. त्या चौघींनी उचल घेतली होती. दोघींनी घरातल्या तापासाठी, एकीनं पत्र्यांसाठी, चौथीनं कारण सांगितलं नाही. वही लिहिणारी सूनही दिवाळीनंतर जाणार होती. मग वही?

त्यावरच बोलणं चाललं होतं. गेल्या वर्षीची गोष्ट सगळ्या जणी एकदम सांगायला लागल्या. पेटी सासूबाईंकडे राहिली आणि किल्ली चुकून कोषाध्यक्षीणबाईंच्या पदराला बांधलेली बारडोलीला गेली. पौषात एकीला रात्री विंचू चावला. कुलूप दगडानं फोडलं. पैसे काढले, वहीत लिहायला कुणी नव्हतं म्हणून सासूबाईंनी दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघा ओढल्या, प्रत्येक रेघ शंभराची. सून उन्हाळ्यात परत आल्यावर तिनं चौकट बघून वही पुरी केली. रेघा अजून आहेत, मला दाखवल्या. सहा.

यंदा नवं कुलूप आणलं आहे, दोन किल्ल्यांचं. एक इथे राहील. वही इथेच राहील, रेघा चालतील, असं ठरलं. दंडाच्या पट्टीचं काय, असं मी विचारलं नव्हतं. सुनेनंच ती पेटीतून काढली, बोटाला गुंडाळली, पुन्हा उलगडली. तिच्याबरोबर फडावर नऊ कोयते जाणार, सात पोरं पाच वर्षांखालची. तिनं सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, घेऊन जा, अंगणवाडीतनं दुसरी मागू.

मग दुसरी किल्ली कुठे ठेवली यावरून वाद सुरू झाला. कोषाध्यक्षीणबाई शपथेवर सांगत होत्या की आपल्याकडे नाही. आमचुराची गोणी बाजूला सरकवली, चुलीमागचा कोनाडा पाहिला, पोरांचे खिसे तपासले. माझी गाडी खाली रस्त्यावर हॉर्न वाजवत होती.